घामानंतरचा पहिला घोट: तहान भागवतं कोण?

एप्रिलमध्ये दोडामार्गच्या किंवा पलीकडे गोव्यातल्या सत्तरीच्या बाजूला काजूच्या बागेत सकाळी सातला शिरलेला माणूस अकराच्या सुमारास बाहेर येतो, तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढता येतो. काम तसं दिसायला हलकं. खाली पडलेले बोंडू वेचायचे, बी पिरगाळून वेगळी करायची, बी पिशवीत, बोंडू टोपलीत. पण हे सगळं वाकून, उतारावर, पाचोळ्यात, आणि पान हलत नाही अशा हवेत. दुपारनंतर टोपल्या भट्टीपर्यंत वाहायच्या. दिवस कलला की मग कुणीतरी बाटली काढतो. हुर्राक. त्यात लिंबाच्या चवीचं बाटलीतलं थंड पेय, चिमूटभर मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, असला तर बर्फ. पहिला घोट घशाखाली उतरतो आणि माणूस डोळे मिटून ‘हाऽऽ’ करतो.

तो ‘हाऽऽ’ खरा असतो, त्यात नाटक नाही. प्रश्न एवढाच की तो नेमका कशाचा? विचारलं तर दहातले नऊ जण ग्लासातल्या दारूकडे बोट दाखवतील. माझं म्हणणं असं की हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतंय. ते का, हे समजून घ्यायला आधी घाम, मग तहान आणि शेवटी मूत्रपिंड अशी थोडी वाट चालावी लागेल.

आधी हुर्राकाची ओळख, घाटावरच्या वाचकांसाठी. काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. आपण बोंडू म्हणतो ते खरं फळ नव्हे, फुगलेला देठ; खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. बोंडू तुडवून किंवा दाबून रस काढतात. तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ, गोड रस थेंबथेंब गळतो तो नीरो. त्यात दारू नसते आणि तो लवकर प्यावा लागतो. बाकीचा रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या वाफेतून येतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचा. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राकाचा रुबाब वेगळा: तो टिकत नाही, म्हणून तो फक्त मोसमाचा. फेब्रुवारीअखेर ते मे, मग पुढच्या वर्षी.

शब्दही गमतीचा आहे. हुर्राक ‘अरक’ या अरबी शब्दाच्या कुळातला, आणि अरबीत अरक म्हणजे घाम. भांड्याच्या थंड अंगावर वाफ थेंबथेंब जमते, तिला त्यांनी घाम म्हटलं. आपल्या औषधांचा अर्कही तिथूनच आला. संस्कृतातला अर्क मात्र सूर्य. म्हणजे अर्कात उभं राहून गाळायचा तोही अर्क आणि संध्याकाळी प्यायचा तोही अर्क. असो.

आता खऱ्या घामाकडे. अंगमेहनत करताना स्नायूंत तयार होणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती शरीराबाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य रस्ता म्हणजे घाम वाळणं. घाम येणं नव्हे, वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. सात लिटर गार पाणी उकळीला आणायला जवळपास एवढीच लागते. यंत्रणा जबरदस्त आहे, पण कोकणात तिची गोची होते. हवा आधीच दमट, त्यामुळे घाम वाळण्याऐवजी ओघळतो. ओघळलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र मागे ठेवतो. विदर्भात पारा ४५ वर असतो, पण कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच वाळतो. तिथे माणसाला आपण किती सुकलो हेच कळत नाही. दोन्हीकडे हिशेब तोट्याचाच, फक्त तऱ्हा वेगळी.

उन्हात कष्टाचं काम करताना तासाला एक लिटर घाम जाणं मुळीच अपवादाचं नाही. त्यासोबत लिटरमागे साधारण एक ते तीन ग्रॅम मीठ. कुणाचं कमी, कुणाचं जास्त. काळ्या बनियनवर पांढरे नकाशे उमटणारी माणसं दुसऱ्या गटातली.

पाणी गेलं आणि रक्त थोडंसंच घट्ट झालं, अगदी एक-दोन टक्के, की मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशींना ते कळतं. त्या दोन हुकूम सोडतात. एक वर: ‘पाणी शोध’, ही तहान. दुसरा खाली मूत्रपिंडांना: ‘पाणी अडव’. हा दुसरा हुकूम घेऊन जाणाऱ्या संप्रेरकाचं नाव व्हॅसोप्रेसिन. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पाटाचं उदाहरण घ्या. मूत्रपिंडातून रोज प्रचंड पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक परत शरीरात वळवलं जातं. व्हॅसोप्रेसिन म्हणजे पाट वळवणारा माणूस. तो जागेवर असेल तर पाणी बागेत राहतं आणि लघवी थोडी, गडद. तो झोपला तर पाणी ओढ्याला.

आता मजेची गोष्ट. तहानलेला माणूस पाणी प्यायला की त्याची तहान किती वेळात जाते? अर्ध्या-एक मिनिटात. आणि ते पाणी रक्तात मिसळून रक्त पुरेसं पातळ व्हायला? त्याला कितीतरी जास्त मिनिटं लागतात. म्हणजे तहान विझते तेव्हा शरीर अजून सुकलेलंच असतं. मेंदूने उधारीवर पावती फाडलेली असते.

ही पावती कशाच्या भरवशावर फाटते? तोंडाच्या आणि घशाच्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रयोगशाळेने २०१६ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. तहानेच्या मेंदूपेशींची हालचाल प्रत्यक्ष बघितली, तर उंदराने पाणी प्यायला सुरुवात केल्याच्या मिनिटाभरात त्या शांत झाल्या. पाणी जितकं थंड तितक्या जास्त शांत. आणि पाणी न देता तोंडाला नुसता थंड धातू लावला तरी त्यांची गडबड कमी झाली! गारवा हीच मेंदूसाठी ‘पाणी आलं’ची खूण. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी कोमट पाण्यापेक्षा जास्त ‘लागतं’ ते उगाच नाही.

हा गारवा ओळखणारा मज्जातंतूंवरचा दरवाजा २००२ साली सापडला, तोही पुदिन्यातल्या मेन्थॉलच्या मदतीने, कारण मेन्थॉल तोच दरवाजा उघडतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी तो वेगवेगळा शोधला. स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. फसफसणाऱ्या पेयाची चुणचुण आणि लिंबाची आंबट चव हेही तोंडाला जागं करतात, लाळ सुटते, कोरड जाते. माणसांवरच्या प्रयोगांतही थंड आणि फसफसतं पेय साध्या पाण्यापेक्षा जास्त तहान भागवतंय असं लोकांना वाटलं, प्रत्यक्ष पोटात तेवढंच पाणी गेलेलं असूनही.

म्हणजे त्या ग्लासात ‘हाऽऽ’ काढायला लागणारं सगळं सामान हुर्राक ओतायच्या आधीच हजर आहे. बर्फ, आंबट, गोड, चुणचुण, मीठ.

मग दारू काय करते? पहिल्या घोटाला खरं सांगायचं तर ती अडथळाच असते. अल्कोहोल घशात जळजळतं त्याचं कारण भारी आहे. आपल्या तोंडात ‘चटका’ ओळखणारा एक दरवाजा असतो. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास उघडतो. मिरचीने उघडतो तोही हाच. अल्कोहोल लागलं की त्याची मर्यादा ३४ अंशांच्या जवळ खाली येते. आपला घसा असतो ३७ अंशांवर! म्हणजे दारू जळजळते तेव्हा आपल्याला आपलाच घसा गरम लागत असतो. पेय बर्फासारखं थंड केलं की घसा त्या मर्यादेखाली जातो आणि जळजळ गायब. ‘गार केली की मऊ लागते’ ते यामुळे. अल्कोहोल तेवढंच असतं, फक्त राखणदार झोपलेला असतो. तहानलेला माणूस मग सरबताच्या वेगाने पितो, आणि रिकाम्या पोटी ते झपाट्याने रक्तात शिरतं.

दहा-पंधरा मिनिटांनी दारूचा खरा अंमल सुरू होतो. खांद्यांतला ताण उतरतो, पाठीची कळ लांब जाते, गप्पा सुचतात. हेही सुख खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण तोवर गारव्याने तहानेचं काम केलेलं असतं आणि मेंदू दोन्हीची मोट एकत्र बांधतो. चार मोसम असे गेले की घाम आला म्हणजे हुर्राकाची आठवण येणं शरीराला सवयीचं होतं. सरबताने कमावलेलं श्रेय दारूच्या नावावर चढतं, ते असं.

आणि प्रत्यक्ष शरीर थंड होण्याचं काय? हिशेब करा. अर्धा लिटर पेय ५ अंशांवरून ३७ अंशांवर आणायला शरीर १६ किलोकॅलरी खर्च करतं. दोन टेबलचमचे घाम वाळला तरी तेवढीच उष्णता जाते. सावलीत पाच मिनिटं उघड्या अंगाने वाऱ्याला बसलं किंवा विहिरीवर दोन बादल्या अंगावर ओतल्या तर याहून कितीतरी जास्त फरक पडतो.

आता पाटावरच्या माणसाकडे परत. अल्कोहोल व्हॅसोप्रेसिनचं सुटणं कमी करतं. पाट वळवणारा पेंगतो, पाणी ओढ्याला जातं. किती? १९४२ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रेस एगल्टन यांनी मोजून काढलं: एका ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिलीलिटर जास्तीची लघवी. हा ठोकताळा आजही वापरतात. तो आपल्या ग्लासाला लावून बघू.

१८० मिली हुर्राक, १५ टक्क्यांचा. त्यात २७ मिली अल्कोहोल, वजनाने सुमारे २१ ग्रॅम. म्हणजे जास्तीची लघवी २१० मिली. आणि हुर्राकातलं पाणी? १५३ मिली. नुसता हुर्राक प्यायला तर ५०-६० मिलीचा तोटा. त्यातच ३०० मिली लिंबूपेय घातलं तर तोटा भरून निघतो आणि २४० मिलीच्या आसपास पाणी शिल्लक राहतं. फेणीचा ६० मिलीचा पेग घ्या: २० ग्रॅम अल्कोहोल, २०० मिली लघवी, आणि आत गेलेलं पाणी ३५ मिलीसुद्धा नाही. बीअरची ६५० मिलीची बाटली, ५ टक्क्यांची: आत ६०० मिलीच्या वर पाणी, बाहेर अडीचशे, शिल्लक साडेतीनशे. याच ठोकताळ्याने गणित मांडलं तर साधारण ११ टक्के ही रेघ येते. तिच्याखालचं पेय थोडंफार पाणी देऊन जातं, वरचं पेय घेऊन जातं. हुर्राक बरोबर रेघेच्या पलीकडे उभा आहे, आणि त्यात काय व किती मिसळलं यावर तो अलीकडे येतो. पाणी न घालता पिणं ही मर्दानी गोष्ट समजणाऱ्यांनी हे गणित एकदा बोटांवर करून बघावं.

पण हा ठोकताळा पाण्याने भरलेल्या शरीराचा आहे. घाम गाळून सुकलेल्या शरीरात व्हॅसोप्रेसिन आधीच जोरात असतं, त्यामुळे अल्कोहोलला ते तेवढं दाबता येत नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या संशोधकांनी १९९७ साली हे तपासलं. लोकांना व्यायामाने घाम काढून सुकवलं आणि मग ०, १, २ आणि ४ टक्के अल्कोहोल असलेलं पेय गमावलेल्या पाण्याहून जास्त प्यायला दिलं. २ टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. ४ टक्क्यांना मात्र शरीर पूर्वपदावर यायला उशीर होताना दिसला. तेव्हा ‘बीअरने माणूस सुकतो’ हेही अर्धवट आणि ‘बीअर म्हणजे पाणीच’ हेही अर्धवट.

जगभरच्या शेतांवर हे लोकांनी आपापल्या रीतीने ओळखलं होतं असं दिसतं. बेल्जियमच्या वालोनी भागात हिवाळ्यात आंबवून ठेवलेली सेझों नावाची बीअर उन्हाळ्यातल्या मजुरांसाठी असे, आणि ती मूळची आजच्यापेक्षा बरीच पातळ होती. झारखंडमध्ये शेतावरच्या माणसांची हंडिया ही आंबवलेल्या भाताची, गाळलेल्या दारूच्या मानाने सौम्य. घाम गाळणाऱ्याचं पेय पातळ, चैनीचं पेय कडक, असा तो विभाग.

याच इतिहासाची दुसरी बाजू कडू आहे. इंग्लंडच्या पश्चिम भागात शेतमजुरांना मजुरीचा एक हिस्सा सफरचंदाच्या सायडरमध्ये मिळे. ते १८८७ च्या कायद्याने बंद करावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांवर तर ‘डॉप’ म्हणून पद्धतच होती: दिवसातून अनेकदा मजुरांना स्वस्त वाईन द्यायची आणि ती मजुरीत धरायची. कायद्याने ती विसाव्या शतकात संपली, व्यसन पिढ्यांपिढ्या उरलं. गर्भात असताना अल्कोहोलने इजा झालेल्या मुलांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत आजही हा भाग मोजला जातो. स्वतःच्या हौसेने काढलेली बाटली आणि मालकाने हातात ठेवलेली बाटली यांत एवढा फरक आहे. आपल्याकडे ‘काम संपलं की क्वार्टर देतो’ म्हणून माणसं गोळा करणारे बागायतदार आहेत, त्यांना हे ऐकायला आवडणार नाही.

धोक्याची जागा एक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तापलेल्या शरीरात कातडीखालच्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकायला आधीच सैल झालेल्या असतात. पाणी कमी, म्हणून रक्तही कमी. त्यात अल्कोहोल वाहिन्या आणखी सैल करतं. बसलेला माणूस झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते, ती यामुळे. विहिरीच्या काठावर किंवा पडवीच्या पायरीवर हे महागात पडतं. त्याहून वाईट गोष्ट अशी की उष्माघाताची लक्षणं आणि दारू चढल्याची लक्षणं दिसायला सारखी असतात. बोलणं अडखळणं, तोल जाणं, भलतंच बडबडणं, चिडणं, सुस्त पडणं. चार जण प्यायला बसले असताना पाचवा असा वागायला लागला तर बाकीचे हसतात आणि ‘चढली, झोपू दे’ म्हणून खाटेवर टाकतात. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं आणि तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. दिवसभर उन्हात राबलेला माणूस असा वागत असेल आणि अंग चटका बसेल इतकं तापलेलं असेल, तर त्याने किती घेतली हा विचार नंतर. सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असंही समजू नये. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो.

रक्तदाबावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा सगळा हिशेब दुप्पट लागू. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पिणं तर फारच वाईट, कारण यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की साखर बनवायचं काम मागे पडतं. आणि कर्करोगाचा धोका पहिल्या थेंबापासूनच सुरू होतो, सुरक्षित अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ते घामाशी संबंधित नाही म्हणून इथे एवढंच.

घामाशी संबंधित आहे ती पेज. कोकणात आणि गोव्यात सकाळच्या कामानंतर वाडगाभर पेज, त्यात मीठ, सोबत खारातली कैरी किंवा भाजलेला सुका बांगडा. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र आलं की ती दोघं मिळून आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात. जलसंजीवनी याच युक्तीवर चालते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. पेजेत साखर दिसत नाही, पण तांदळाचं पीठूळ (स्टार्च) आतड्यात पोचेपर्यंत साखरच होतं. पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही वापरात आली. घामातून गेलेलं मीठ परत आल्याशिवाय प्यायलेलं पाणी शरीरात नीट टिकत नाही. हुर्राकातली मिठाची चिमूट त्या अर्थाने ग्लासातली सगळ्यात शहाणी वस्तू. फक्त चिमटीने भागत नाही, वाडगा लागतो.

माझ्या आजोळी फ्रीज यायच्या आधी मामा हुर्राकाची बाटली जाळीत घालून दुपारीच विहिरीत सोडायचा. संध्याकाळी बागेतून आला की थेट विहिरीवर. दोन-तीन कळशा अंगावर, मग ओल्या अंगानेच मागच्या पडवीत. जाळीचा दोर बाहेरच्या खुंटीला बांधलेला असायचा, पण खुंटीच्या बरोबर पुढे आजी पेजेचं भांडं घेऊन बसलेली असायची, आणि तिला ओलांडून कुणाचा हात दोरापर्यंत पोचल्याचं मला तरी आठवत नाही.